कारखाना आणि पाळणा

कारखान्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतो. यंत्रे कोठून आली, भांडवल किती लागले, माल किती निघाला, हे सारे हिशेबाने लिहून ठेवलेले असते. पण भोंगा झाल्यावर कामावर गेलेल्या बाईचे तान्हे मूल दिवसभर कोठे होते, हा प्रश्न त्या हिशेबात सहसा येत नाही. वाचकहो, आज त्या प्रश्नाचा थोडा मागोवा घ्यावा असा विचार आहे; आणि त्यासाठी पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा फार सोयीचा आहे.

कारण असे, की या पट्ट्याच्या औद्योगिक जन्माशी मुलांचे नाव जोडलेले आहे. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स, १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. यंत्रसामग्रीसाठी मदत केली ती युनिसेफने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालक-निधीने. तांत्रिक साहाय्य दिले जागतिक आरोग्य संघटनेने. जगातल्या मुलांसाठी जमलेला पैसा इथल्या यंत्रांत आला. तेव्हा इथे राबणाऱ्यांच्या मुलांचे पुढे काय झाले, हे विचारणे काही वावगे नव्हे.

मात्र प्रश्न पिंपरीहून जुना आहे. त्यासाठी आधी मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. साच्यावर आणि रिळावर उभ्या राहणाऱ्या बाया आपल्या तान्ह्यांना खोलीवर ठेवून जात, आणि ते रडू नये, दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची बारीकशी गोळी चाटवीत. ‘बाळगोळी’ असे तिचे गोड नाव! १९२० नंतरच्या दशकात सरकारी पाहण्यांत हा प्रकार वारंवार नोंदला गेला. तुम्ही म्हणाल, आईचे काळीज असे कसे? पण दोष काळजाचा नव्हता. पोटासाठी कामावर जायचे तर मूल कोणाच्या हाती द्यायचे, याचे उत्तर ना मालकाजवळ होते, ना सरकारजवळ. ते त्या गोळीने दिले.

ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतीच्या काळातील साहाय्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात तसेच विधेयक आले, तेव्हा १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, तेव्हा त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ मध्ये कायदा झाला. देशात अशा प्रकारचा तो पहिलाच. पण खर्च मालकावर ठेवला गेला. हा धागा ध्यानात ठेवा. तो पुढे पुन्हा हाती येणार आहे.

प्रसूतीची रजा संपली की मुलाचा सांभाळ सुरू होतो. तेथे कायद्याने काय केले? १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना नियम करण्याची मुभा दिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने मुभेचे बंधन केले: जेथे ५० हून अधिक स्त्रिया काम करतात, तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर हवेच. १९७६ मध्ये ५० चा आकडा ३० वर आणला. उद्देश चांगला, यात शंका नाही. पण मोजदाद कोणाची, ती पाहा. बायकांची! जणू मूल एकट्या आईचेच आहे आणि बापाचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिवाय मालकाने बायकांचा आकडा तिसाच्या आत ठेवला, की कायदा फाटकाबाहेर थांबला.

याच सुमारास आपला पट्टा वाढू लागला होता. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत वस्ती १७ लाखांच्या पुढे गेली. ज्या चाकणचा लौकिक फिरंगोजी नरसाळ्याच्या १६६० च्या झुंजीमुळे आणि कांद्याच्या बाजारामुळे होता, तेथे मोटारी तयार होऊ लागल्या.

मोठ्या मोटार-कारखान्यांत कामगार मुख्यतः पुरुष. म्हणून बायकांच्या मोजदादीवर चालणारा कायदा तेथे फारसा हललाच नाही. बायका कोठे होत्या? भोसरीच्या लहान लहान शेडमध्ये, बांधकामावर, दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला. म्हणजे जेथे कायद्याचा आकडा पुरा होत नाही, नेमक्या तेथे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यातही ५० हून अधिक स्त्रियांची अट होतीच. त्याआधीच, १९६९ मध्ये, मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच फिरते पाळणाघर सुरू केले होते. तो प्रयोग पुढे मुंबईत आणि पुण्यातही रुजला.

आणि आणखी एक गोष्ट. मराठवाड्यातून, विदर्भातून, दूरच्या प्रांतांतून जोडपी इथे आली, ती आजीला गावी ठेवून. आजीची मांडी हेच ज्या समाजाचे पाळणाघर, तिथे आजी नाही म्हटल्यावर मूल जाते थोरल्या बहिणीच्या कडेवर. माझ्या वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला काही मुली नेहमी उशिरा येतात. आईची पाळी सुटून ती घरी येईस्तोवर धाकट्याला सांभाळायचे असते. हजेरीपटावर त्याची नोंद नुसती ‘गैरहजर’ एवढीच होते.

या बहिणीचा विचार पूर्वी कोणी केला नव्हता असे नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. मुले शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदल्या. हेतू साधा होता: धाकट्याला घेऊन आलेली बहीण त्याला पाळणाघरात ठेवील आणि स्वतः वर्गात बसेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिने अंगणवाडी हे नाव घेतले. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण, लसीकरण, खेळ, सारे तेथे आहे. पण अंगणवाडी काही तासांची आणि कारखान्याची पाळी आठ तासांची. नाव आले, पाळणाघर मागे राहिले. २०२२ पासून केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचे ठरले आहे. म्हणजे कोसबाडची ती कल्पना पासष्ट वर्षांनी पुन्हा दारात आली म्हणायची.

कायद्यानेही आपली मोजदाद अखेर बदलली. प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० कामगार असतील तेथे पाळणाघर हवे असे ठरले. ५० बायका नव्हे, ५० माणसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनीही हीच रीत ठेवली आहे. मूल बापाचेही आहे, हे मान्य करावयास आपल्याला सात दशके लागली!

उरला तो १९२८ चा धागा: भार कोणी उचलायचा? राज्य विमा योजनेत सर्वांच्या वर्गणीतून बाळंतिणीला पैसे मिळतात; एकाच मालकाच्या माथी खर्च पडत नाही, म्हणून बाईला कामावर घेताना त्याने कचरण्याचे कारण नाही. पाळणाघराचेही असेच का होऊ नये? भोसरीच्या एका शेडमध्ये दहाबारा माणसे. ५० चा आकडा तेथे कधीच भरणार नाही. पण एकाच रस्त्यावर अशा कितीतरी शेड आहेत. त्यांचा रस्ता सामाईक, पाण्याची नळवाट सामाईक. सामाईक पाळणाघराला तर कायद्याचीही संमती आहे. ज्यांची संख्या भरत नाही त्यांनी एकत्र येऊ नये, असे तो कोठेही म्हणत नाही. औद्योगिक वसाहतीचा नकाशा आखताना भूखंड आखले जातात, तसा चार रस्त्यांमागे एक भूखंड पाळणाघराचा आखावा, पाळीच्या वेळा पाहून ते चालवावे आणि खर्च मालक, महानगरपालिका व सरकार यांनी वाटून घ्यावा. मग पहिल्या तासाला माझ्या त्या विद्यार्थिनी वर्गात असतील.