चव्वेचाळीस मिलिमीटरचा खड्डा

गोळी अडली म्हणजे माणूस वाचला, असं आपण धरून चालतो. पण बुलेटप्रूफ जॅकेटने गोळी अडवली तरी तिचा दणका कापडामागे छातीवर बसतोच. बरगडी मोडते, फुप्फुसाला, यकृताला मार लागतो. म्हणून पोलिसांचं जॅकेट तपासताना गोळी आरपार गेली का, एवढंच बघून भागत नाही. मागे खड्डा किती खोल पडला तेही मोजतात. अमेरिकी मानकात त्याची मर्यादा आहे ४४ मिलिमीटर. या आकड्याचं कूळ शोधत गेलं, की आपण बकऱ्यांपाशी येऊन पोचतो.

१९६५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक टायरसाठी हलका, चिवट धागा शोधत होत्या. हाती आलं ते पातळ, गढूळ द्रावण. दुसऱ्या कुणी ओतून दिलं असतं. त्यांनी हट्टाने त्याचा धागा काढून घेतला. तो केव्हलारचा पूर्वज. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी न्याय खात्यातल्या लेस्टर शुबिन यांनी केव्हलारचं कापड टेलिफोन डिरेक्टरीभोवती गुंडाळलं आणि गोळ्या झाडून पाहिल्या. कापडाने त्या अडवल्या. पण डिरेक्टरी काही माणसाची छाती नव्हे.

मग लष्कराच्या एजवुड इथल्या प्रयोगशाळेत बकऱ्यांच्या अंगावर केव्हलारचे सात थर ठेवून पॉइंट ३८ च्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि आतली इजा तपासली गेली. हाच मार जिलेटिनमध्ये किती खोल जातो, ते वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. कारण जिलेटिन दबून लगेच वर येतं. नेहमीच्या चाचणीसाठी खड्डा धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. ते मिळालं शिल्पकारांकडे: रोमा प्लॅस्टिलिना, तेलात मळलेली माती. आपला शाडू वाळतो, ही वाळत नाही.

आजही माती भरलेल्या चौकटीवर जॅकेट बांधतात. त्याआधी माती नीट मऊ आहे ना, हे बघायला साधारण एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून तिच्यावर सोडतात. तो सरासरी १९ मिलिमीटरच्या आसपास रुतला पाहिजे. मग गोळी झाडायची, जॅकेट उचलायचं आणि खड्ड्यात मोजपट्टी उतरवायची. ओलं झालेलं केव्हलार कमजोर पडतं, म्हणून जॅकेट भिजवूनही तपासतात.

१९७५ मध्ये १५ शहरांतल्या पोलिसांना अशी ५,००० जॅकेटं वापरायला दिली. २३ डिसेंबरला सिअ‍ॅटलमध्ये दुकानातल्या दरोड्यात गोळी लागलेला एक शिपाई त्यामुळे वाचला.

तेव्हा निवड केली होती ती रस्त्यावर सर्रास सापडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची गोळी अडेल आणि शिपाई दिवसभर अंगात घालेल अशा जॅकेटाची. रायफलीपुढे असं कापडी जॅकेट टिकत नाही. त्याला कडक प्लेट लागते. म्हणूनच २६/११ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत पोलिसांच्या जॅकेटांवरून उसळलेला संताप मला आजही रास्त वाटतो. भारताचं स्वतःचं मानक, आयएस १७०५१, आलं ते २०१८ मध्ये.

आणि ४४? तो आकडा एका जातीच्या गोळीवरून, बकऱ्यांच्या अंगावरून आला आणि पुढे सगळ्या गोळ्यांना, सगळ्या अंगांना लावला गेला. मला हे खुपतं. २०२३ च्या अमेरिकी मानकात महिला पोलिसांच्या जॅकेटांसाठी चाचणीची पद्धत सुधारली. खड्ड्याची मर्यादा मात्र तीच राहिली.