तपासनीस आणि सोबती : खेड्यातील शिक्षकाच्या मूल्यमापनाचा इतिहास

१

शिक्षकाची परीक्षा कोणी घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याचा अंतर्गत प्रश्न वाटतो. वस्तुतः तो दलित समाजाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे आणि तो दुहेरी आहे. ज्या घरात शिकवणीला पैसा नाही, अभ्यास घ्यायला शिकलेले माणूस नाही, त्या घरातील मुलाला शिक्षक मिळतो तो एकच, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. तो वर्गात अडखळत असेल तर मुलाचे वर्ष वाया जाते आणि त्याची भरपाई कोठेही होत नाही. सुखवस्तू घरातील मूल कच्च्या शिक्षकाला ओलांडून पुढे जाते. वस्तीतले मूल त्याच्यापाशीच अडते. दुसरीकडे, गेल्या तीन-चार पिढ्यांत दलित समाजातून जो सुशिक्षित वर्ग उभा राहिला त्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. या शिक्षकांच्या कामाचे माप कोणाच्या हाती असावे, ते उघड असावे की गुप्त, हेही म्हणून आपलेच प्रश्न आहेत. मुलाच्या बाजूने पाहिले तर मूल्यमापन कडक हवे. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर ते न्याय्य हवे. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही.

परभणी तालुक्यातील पिंगळी हे गाव डोळ्यांसमोर ठेवून हा इतिहास पाहावा. परभणी आणि पूर्णा यांच्या दरम्यान रेल्वेमार्गावरचे, काळ्या जमिनीच्या मुलखातले हे गाव. निजामाची राजवट, १९४८ नंतरचे हैदराबाद राज्य, १९५६ चे द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० नंतरचा महाराष्ट्र, एवढ्या अमदानी या मुलखाने पाहिल्या. अमदानी बदलल्या, पण शाळा तपासायला साहेब वरूनच येत राहिला. शिकवण्यात अडलेल्या शिक्षकाच्या मदतीला शेजारच्या शाळेतला शिक्षक यावा, ही व्यवस्था फार उशिरा आली आणि आली तीही अर्धवट.

२

या विषयाचा आरंभ महात्मा फुल्यांपासूनच करावा लागतो. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा शिकवणार कोण, हाच पहिला प्रश्न होता. सावित्रीबाईंनी आधी जोतीरावांकडे धडे घेतले. पुढे अहमदनगरला मिस फरार आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. शिक्षिका आधी स्वतः शिकली, मग वर्गात उभी राहिली. १८५६ साली आजारपणामुळे माहेरी, नायगावी राहिलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भाव आहे. बाहेर शेणगोळे झेलणाऱ्या या स्त्रियांना धीर द्यायला कोणी तपासनीस आला नव्हता. एकीचे काम दुसरी उचलत होती. शिक्षकाला शिक्षकाचा आधार, या कल्पनेचे मराठी मुलखातील बीज येथे आहे.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ते वारंवार सांगितले जाते. शिक्षक आणि तपासणी यांविषयी त्यात काय आहे हे फारसे कोणी सांगत नाही. फुले म्हणतात की प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सारे ब्राह्मण आहेत, त्यांतील थोडेच प्रशिक्षित आहेत आणि त्यांचा पगार क्वचितच दहा रुपयांवर जातो. त्यांचा उपाय असा : शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे, ते लोकांत मिसळणारे असावेत आणि नांगर किंवा सुताराचे हत्यार धरण्यात त्यांना कमीपणा वाटू नये. पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. तपासणीबद्दल त्यांचे म्हणणे होते की डेप्युटी साहेबाने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांनी एकदा तपासणी व्हावी आणि अधूनमधून वर्दी न देताही यावे.

या मागण्यांची सांगड नीट पाहिली पाहिजे. फुले कडक तपासणी मागतात, पण त्याच दमात चांगला पगार, प्रशिक्षण आणि लोकांशी नाते मागतात. सरकारने यातले सोपे तेवढे उचलले. परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची इंग्लंडात १८६२ साली सुरू झालेली पद्धत मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांत आलेलीच होती. तिने तपासनिसाला परीक्षक केले. वर्ग कसा शिकवला जातो हे पाहण्यापेक्षा किती मुले पास होतात हे मोजणे महत्त्वाचे ठरले. शिक्षकाला शिकवणे कोणाचेच काम उरले नाही.

३

मराठवाड्याची कथा निराळी आहे. निजामी राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या शेतमजुराच्या मुलाला शाळेची पायरीच परकी होती आणि अस्पृश्य मुलाला तर ती चढताही येत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले तेव्हा या विभागातील दलित तरुणांना पहिल्यांदा उच्च शिक्षणाचे दार दिसले. परभणी, नांदेड, बीडकडची पोरे तेथे आली, वसतिगृहात राहिली, आणि त्यांतले कितीतरी पुढे शिक्षक होऊन खेड्यांत परतले.

बाबासाहेबांनी या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनाचे नाव दिले. मिलिंद राजाने नागसेन भिक्खूंना चर्चेला बोलावले तेव्हा नागसेनांनी अट घातली : तुम्ही पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर मी बोलतो, राजाच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या चर्चेत चूक दाखवली जाते, चूक मान्यही केली जाते आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजा मात्र एकदा मत मांडतो आणि जो ते मान्य करीत नाही त्याला शिक्षा फर्मावतो. शिक्षकाच्या मूल्यमापनाचे दोन प्रकार याहून नेमके सांगता येणार नाहीत. आपल्याकडे आजवर चालले ते राजाच्या रीतीचे मूल्यमापन.

दुसऱ्या रीतीची व्यवस्थाही बौद्ध संघाने घालून दिली होती. वर्षावास संपताना प्रवारणेचा विधी होतो. माझ्या वागण्यात कोणी काही दोष पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर तो करुणेने सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. सर्वांत ज्येष्ठ स्थविरही हात जोडून तीच विनंती करतो. विनयपिटकात या विधीचे कारण दिले आहे. काही भिक्खूंनी भांडणे टाळण्यासाठी तीन महिने एकमेकांशी न बोलता काढले आणि आपण सुखाने राहिलो असे येऊन सांगितले. बुद्धाने त्यांची स्तुती केली नाही. हे गुरांसारखे एकत्र राहणे झाले, असे म्हणून त्यांना दोष दिला. दोष दाखवणाऱ्यावरही बंधने होती : योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. एकाच शाळेत वर्षानुवर्षे शेजारी शिकवणारे आणि एकमेकांच्या वर्गात कधीही न डोकावणारे आपले शिक्षक त्या मुक्या भिक्खूंहून कितीसे वेगळे आहेत?

४

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शिक्षण गावाच्या जवळ आले हे खरे; पण गावातील सत्ताही शाळेच्या जवळ आली. ज्या हातांत गावची जमीन होती त्याच हातांत बहुधा पंचायत समिती गेली. दलित शिक्षकाची बदली, त्याला गावात मिळणारी खोली आणि त्याच्याविषयी साहेबांच्या कानावर जाणारे शब्द, या साऱ्यांवर त्या सत्तेची छाया पडली. त्याच्या कामाचा निवाडा लिहिला जात होता गोपनीय अहवालात. ज्याच्याविषयी अहवाल, त्यालाच तो दिसत नसे. प्रतिकूल तेवढे कळवायचा प्रघात होता. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे असे सांगितले. तोवर पिढ्या निवृत्त झाल्या होत्या. जुलै १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या दिवसांत गावोगावी नोकरी करणाऱ्या दलित शिक्षकाने गावाच्या आणि साहेबाच्या निवाड्यावर कोणत्या भरवशाने विसंबावे?

वास्तविक दुसरा रस्ता कागदावर तयार होता. कोठारी आयोगाने १९६६ साली शाळा समूहाची कल्पना मांडली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच महाराष्ट्रातले. माध्यमिक शाळा केंद्रस्थानी ठेवून भोवतालच्या प्राथमिक शाळांनी एकमेकींना साहाय्य करावे, शाळांचे एकाकीपण मोडावे, असा त्याचा आशय होता. प्रशासकीय तपासणी आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे वेगळी करावीत असेही आयोगाने सुचवले. पगार थांबवणारा आणि पाठ कसा घ्यावा हे दाखवणारा माणूस एकच असेल, तर शिक्षक आपली अडचण त्याला कधीच सांगणार नाही. यात मानसशास्त्राचे फार गूढ असे काही नाही.

परभणीपर्यंत ही कल्पना पोचायला १९९४ उजाडले. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी महाराष्ट्रातून प्रथम निवडलेल्या पाच जिल्ह्यांत औरंगाबाद, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद यांच्याबरोबर परभणी होता; आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळी परभणीतच होता. याच सुमारास राज्यभर ४,८६० केंद्रे ठरली आणि केंद्रप्रमुख आले. पिंगळीसारख्या गावाभोवतालच्या दहा-बारा शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एकाने पाठ घ्यावा, इतरांनी पाहावा, अडचणी मांडाव्यात, असा हेतू होता. केंद्रप्रमुख हा शिक्षकांतूनच आलेला सोबती असेल अशी अपेक्षा होती. पुढे अनेक ठिकाणी तो माहिती गोळा करणारा टपालवाला झाला. पोषण आहाराचे तक्ते, पटसंख्या, गणवेशाचा हिशेब यांतून त्याला वर्गात बसायला सवड उरली नाही, आणि कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचून दाखवली जाऊ लागली.

तरी ही कल्पना मुळात चुकीची होती असे म्हणता येणार नाही. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने गेल्या दशकात शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहून आपले शिकवणे बदलले. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहायला गेले. आज्ञेने जे होत नाही ते दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग प्रत्यक्ष पाहून होते, हे तेथे दिसले.

५

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहरात १९८१ साली याहून एक पाऊल पुढे टाकले गेले, आणि ते टाकले शिक्षकांच्या संघटनेने. संघटनेचे अध्यक्ष डाल लॉरेन्स यांनी अनेक वर्षे हा आग्रह धरला होता. तेथे कसलेल्या शिक्षकांना तीन वर्षे वर्गातून मोकळे करतात. ते नव्या शिक्षकांबरोबर आणि अडचणीत सापडलेल्या जुन्या शिक्षकांबरोबर काम करतात, त्यांच्या वर्गात बसतात, पाठ घेऊन दाखवतात आणि शेवटी आपला अहवाल एका मंडळापुढे ठेवतात. त्या मंडळात संघटना आणि प्रशासन दोघांचे प्रतिनिधी असतात. मुदत संपली की सल्लागार शिक्षक पुन्हा आपल्या वर्गात परततो. तो कायमचा साहेब होत नाही. बहुतेकांना मदत होते. पुरेशी मदत देऊनही जो सुधारत नाही त्याला नोकरी सोडावी लागते. संघटना सभासदाच्या चुकीवर पांघरूण घालीत नाही आणि प्रशासनाला त्याच्यावर मोकाटही सोडीत नाही.

त्याच अमेरिकेचा दुसरा धडाही आपण विसरू नये. १९५४ च्या ब्राउन निकालानंतर दक्षिणेकडील राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र होऊ लागल्या, तेव्हा हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यासाठी गुणवत्तेची आणि परीक्षांची भाषा वापरली गेली. मूल्यमापन हे हत्यार होऊ शकते, ते असे.

६

म्हणून सोबत्याने केलेल्या मूल्यमापनाचा भाबडेपणाने जयजयकार करून भागणार नाही. शिक्षकांची खोली जातीबाहेर नाही. राखीव जागेतून आला म्हणून एखाद्याला आधीच कच्चा ठरवणारे सहकारी तेथेही आहेत, आणि आपल्या जातीच्या माणसाची कामचुकारी झाकणारेही आहेत. साहेबाच्या जागी सहकारी बसवला की अन्याय संपतो, असे नाही. अटी घालाव्या लागतील. निकष आधी लेखी जाहीर असावेत. पारख एकाने करू नये, दोघांनी करावी, आणि त्यांतला एक दुसऱ्या केंद्रातला असावा. मदत आधी द्यावी, निवाडा नंतर. प्रत्येक नोंद संबंधित शिक्षकाला दाखवावी आणि तिच्यावर उत्तर देण्याचा हक्क त्याला असावा. मंडळावर मागासवर्गीय शिक्षकांचे प्रतिनिधी असावेत. आणि वस्तीतले मूल वाचू लागले की नाही, याची नोंद सर्वांत वर असावी.

दलित शिक्षकांच्या संघटनांनीच ही मागणी पुढे आणली पाहिजे. बिंदुनामावली, पदोन्नती, बदल्या यांसाठी आपण लढलो. ते आवश्यकच होते आणि आजही आहे. पण कच्च्या शिक्षकाच्या वर्गात बसलेले मूल बहुधा आपलेच असते, हेही तितकेच खरे आहे. त्या मुलाचे नुकसान झाकून शिक्षकाचे हित साधत नाही. उलट, सरकारी शाळा निकामी आहेत म्हणणाऱ्यांच्या हाती आपण आयते कारण देतो.

ते कारण किती वेगाने वापरले जाते हे दिसतेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोठारी आयोगाचा शाळा समूह पुन्हा मांडला. २०२३ साली महाराष्ट्रात ‘समूह शाळा’ हा शब्द ऐकू आला तो मात्र वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवताना. १९६६ साली ज्या शब्दाचा अर्थ लहान शाळांनी एकमेकींना आधार देणे असा होता, त्याच शब्दाच्या आडून लहान शाळा मिटवण्याची वाट काढली जात आहे. वाडी-वस्तीवरची शाळा गेली की तेथल्या मुलीची शाळाच जाते. ती शाळा टिकवायची असेल तर तिच्यातला शिक्षक एकटा राहता कामा नये. पिंगळीच्या परिसरातील शिक्षकांनी महिन्याच्या परिषदेत परिपत्रक बाजूला ठेवून एकमेकांचा एकेक पाठ पाहायला आरंभ केला, तर त्यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. पंडितांच्या रीतीने बोलण्याचे धाडस मात्र लागेल.