गोठणाऱ्या पाण्याची ऊब

१/ १७२४ साली डॅनिएल फॅरनहाइट यांनी एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. काचेच्या गोळ्यातील पाणी गोठणबिंदूच्या बरेच खाली उतरूनही द्रवच राहिले होते. गोळा हलवताच पाण्यात बर्फाचे स्फटिक पसरले आणि तापमापीचा पारा वर चढून ३२ अंशांवर स्थिरावला. गोठणाऱ्या पाण्यात ही ऊब आली कोठून?

२/ तत्कालीन समज असा होता, की गोठणबिंदूवरील पाण्यातून किंचित उष्णता काढली की बर्फ होतो आणि बर्फाला किंचित उष्णता दिली की पाणी.

३/ ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांना हे पटले नाही. तसे असते तर वसंतातील पहिल्याच उबदार दिवशी डोंगरांवरील सारा बर्फ वितळून महापूर लोटले असते. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे टिकतो.

४/ १७६१ च्या हिवाळ्यात त्यांनी दोन सारखी काचपात्रे एका मोठ्या दालनात टांगली. एकात ३३ अंश फॅरनहाइटचे पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्याचा बर्फ. पाणी अर्ध्या तासात ७ अंश चढून ४० अंशांवर आले. बर्फाला वितळून तेथवर यायला साडेदहा तास लागले.

५/ साडेदहा तास म्हणजे २१ अर्धे तास. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. त्यातून ३२ ते ४० हे दिसलेले ८ अंश वजा केले, की उरतात १३९. एवढी उष्णता बर्फाने सामावून घेतली आणि तापमापीला तिचा मागमूसही लागला नाही. हीच अप्रकट उष्मा. आजचे मापन सुमारे १४४ अंश येते.

६/ पाणी गोठताना हीच उष्णता परत बाहेर पडते. फॅरनहाइट यांच्या गोळ्यातील पारा तिनेच वर ढकलला होता. थंडीने गारठलेले तळे एका रात्रीत तळापर्यंत गोठत नाही, त्यामागेही हेच कारण आहे: बर्फाचा प्रत्येक नवा थर तयार होताना सुटणारी उष्णता आधी बाहेर जावी लागते.

७/ ब्लॅक यांनी एप्रिल १७६२ मध्ये ग्लासगोत हे निष्कर्ष मांडले, वर्षानुवर्षे शिकवले, पण छापले नाहीत. स्वीडनमध्ये योहान विल्के यांनी स्वतंत्रपणे तोच शोध लावून १७७२ मध्ये प्रसिद्ध केला. ब्लॅक यांची व्याख्याने ग्रंथरूपात आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये.

८/ श्रेय कोणाचेही मानले, तरी या शोधाने एक जुनी गल्लत कायमची मिटवली: तापमान म्हणजे उष्णता नव्हे. पारा स्थिर असतानाही उष्णतेची देवाणघेवाण अखंड चालू असू शकते.