रीफर कंटेनर म्हणजे काय? द्राक्षं, आंबा आणि गोठवलेली मासळी समुद्रापार थंड कशी राहते

मुंबई-गोवा हायवेवर कर्नाळ्याच्या खिंडीत ट्रॅफिक अडकलं की पुढचे-मागचे लोक इंजिन बंद करून बसतात. पण एखादा ट्रेलर बंद असूनही त्याच्यावरचा डबा घुरघुरत असतो. डबा बहुतेक वेळा पांढरा, एका टोकाला जाळीमागे मोठा पंखा आणि आसपास डिझेलचा वास. हा रीफर, म्हणजे रेफ्रिजरेटेड कंटेनर. कोकणातली गोठवलेली मासळी या रस्त्यानं पळस्पे फाट्यापर्यंत येते आणि पुढे न्हावा शेवा बंदराकडे जाते. आमच्या पनवेल तालुक्यातल्या तळोजा एमआयडीसीतूनही कोळंबी, माकूळ असा माल गोठवून बाहेर पाठवतात. नाशिकची द्राक्षं मात्र वरच्या अंगानं, कळंबोलीकडून येतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या डब्यांचा डेटा मोबाईलवर दाखवणाऱ्या एका ॲपवर मी काम केलंय आणि त्यात एक महागडी चूकही केलीय. ती पुढे सांगतो. आधी डबा समजून घेऊ.

रीफर माल थंड करत नाही

बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. घरच्या फ्रिजमध्ये आपण कोमट वरणाचं पातेलं ठेवतो आणि ते हळूहळू थंड होतं. रीफर त्यासाठी बनवलेलाच नाही. आधीच थंड केलेला माल आहे तसा थंड ठेवणं, एवढंच त्याचं काम. उन्हात तापलेली द्राक्षं थेट भरली तर आतल्या पेट्या थंड व्हायला कित्येक दिवस जातात आणि तोवर देठ सुकायला लागतात. म्हणून द्राक्षं सकाळी लवकर तोडतात, पॅकहाउसमध्ये काही तासांत शून्य अंशाच्या जवळ आणतात (याला प्री-कूलिंग म्हणतात) आणि मगच भरतात. पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागदही असतो, बुरशी लागू नये म्हणून.

डब्याच्या भिंतींमध्ये फोम भरलेला असतो. जमीन सपाट नसते, तिच्यावर इंग्रजी टी अक्षरासारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. थंड हवा या पट्ट्यांमधून मालाखाली शिरते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताजवळून परत मशीनकडे जाते. आत भिंतीवर एक लाल रेघ असते, तिच्यावर माल रचायचा नाही. रचला तर हवेची परतीची वाट बंद होते आणि मशीन ठणठणीत असूनही माल खराब होतो.

गोठवलेल्या मासळीचं गणित वेगळं आहे. मासे श्वास घेत नाहीत. त्यामुळे भिंतीतून येणारी उष्णता अडवली की झालं, हवा मालाभोवती फिरली तरी पुरते. फळ मात्र तोडल्यावरही जिवंत असतं. ते ऑक्सिजन घेतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि स्वतःची उष्णता तयार करतं. म्हणून तिथे हवा पेट्यांच्या मधून जावी लागते आणि ताज्या हवेसाठी डब्याची झडप किती उघडी ठेवायची तेही ठरवावं लागतं.

जास्त थंड म्हणजे जास्त ताजं?

नाही. द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवतात, गोठवलेल्या मासळीला उणे १८ अंश किंवा त्याखाली. पण केळं साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की सालीवर काळपट-राखाडी छटा येते आणि ते नीट पिकत नाही. सोलापूरकडची केळी आखाती देशांत जातात ती १३-१४ अंशांवर. हापूसचंही तसंच, त्याला थंडी बाधते. त्यामुळे सेटिंग करताना वजाचं चिन्ह राहिलं किंवा सेल्सिअसच्या जागी फॅरनहाइट झालं, तर अख्खा कंटेनर जातो. या धंद्यातल्या माहितीतल्या चुका आहेत या.

आंबा समुद्रानं लांब पाठवणं म्हणूनच अवघड. २०२२ च्या जूनमध्ये वाशीत विकिरण प्रक्रिया करून सुमारे साडेसोळा टन आंबा न्हावा शेवाहून समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवला, त्याची बातमी झाली होती ती याचसाठी. तोवर तिकडे आंबा विमानानंच जायचा.

डबा बोलतो कसा, आणि माझी चूक

प्रत्येक रीफरला कंट्रोलर असतो, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. तो मुख्यतः दोन तापमानं बघतो: मालाकडे जाणाऱ्या हवेचं (सप्लाय) आणि मालावरून परत येणाऱ्या हवेचं (रिटर्न). ताज्या फळांसाठी सहसा सप्लायवर नियंत्रण ठेवतात, गोठवलेल्या मालासाठी रिटर्नवर. या नोंदी साठवल्या जातात आणि मोडेम असेल तर पाठवल्याही जातात. भर समुद्रात मोबाईल टॉवर नसतो. म्हणून काही जहाजांवर स्वतःचं छोटं मोबाईल नेटवर्क असतं आणि तिथून डेटा सॅटेलाइटनं जमिनीवर येतो.

आम्ही ॲपमध्ये एकच आकडा दाखवायचो, रिटर्नचा. मोठ्या अक्षरात, हिरव्या रंगात. दिसायला सुंदर. मर्यादेच्या वर गेला की फोन वाजायचा. मी विसरलो होतो डीफ्रॉस्ट. कॉइलवर बर्फ साचतं, ते वितळवायला मशीन अधूनमधून कूलिंग थांबवून हीटर चालू करतं. तेवढ्या वेळात सेन्सरचा आकडा चढतो आणि मग आपोआप उतरतो. मालाला काही होत नाही, पण आमचं ॲप दर वेळी बोंब मारायचं.

मग व्हायचं तेच झालं. द्राक्षाच्या हंगामात एका रात्री कळंबोलीच्या अलीकडे ट्रेलर रांगेत थांबला आणि जेनसेटमधलं डिझेल संपलं. रस्त्यावर डब्याला वीज हा जेनसेटच देतो. बंदरात आणि जहाजावर थ्री-फेजचा प्लग मिळतो. डब्याच्या मोडेमनं बॅटरीवर ‘वीज गेली’ असा मेसेज व्यवस्थित पाठवला. कुणी बघितलाच नाही. सकाळी मी फोन केला तर बागायतदार काका म्हणाले, “अरे बाळा, तुझं ॲप रोज रात्री केकाटतं, म्हणून आवाजच बंद करून टाकला होता मी.”

सात तास. माल परत न फिरवता पुढे गेला. युरोपात पोचल्यावर देठ तपकिरी पडलेले निघाले, पेट्या पुन्हा निवडाव्या लागल्या आणि त्याची मजुरी काकांच्या बिलातून कापली गेली. माझा पगार त्या महिन्यात पूर्ण आला. ते मला आजही टोचतं.

नंतर आम्ही डीफ्रॉस्टची वेळ ओळखून ती सूचना गप्प केली, ‘वीज गेली’ला वेगळा आवाज दिला आणि एकाऐवजी दोन्ही आकडे दाखवले. दोन ओळींचं काम होतं म्हणणार नाही, पण आठवड्याभराचं नक्की होतं.

मोबाईलवरचा आकडा फळाचा नाही

हे लक्षात ठेवा: ॲपमध्ये दिसतं ते हवेचं तापमान. फळाच्या गराचं तापमान भरताना सुईसारखा थर्मामीटर टोचून मोजतात. घरचा माल जात असेल तर हा गराचा आकडा लिहून घ्या, दार बंद व्हायच्या आधी लाल रेघेसकट रचलेल्या मालाचा आणि डब्याच्या डिस्प्लेचा फोटो काढा. पेटीत ठेवायचा लॉगर पेनड्राइव्हएवढा असतो. एक दाराजवळ आणि एक मशीनच्या बाजूला ठेवलात तर दोन टोकांतला फरक कळतो, कारण दाराजवळचा माल सहसा सगळ्यांत गरम असतो.

पुढे नुकसानभरपाईचा वाद झाला तर तोंडी सांगण्याला किंमत नसते, तिथे या नोंदीच बघतात. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांचा युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढ्या लांबच्या वाटेवर सुरुवातीला गेलेले सात तास फळाच्या आयुष्यातून वजा होतात, मशीन नंतर कितीही चोख चाललं तरी ते परत मिळत नाहीत. म्हणून भाडं ठरवताना ट्रेलरवाल्याला जेनसेटच्या टाकीत डिझेल किती आहे हे विचारा, आणि भरून निघताना त्या काट्याचाही फोटो घ्या.