भरताचं वांगं आणि राखेतलं बी

गेल्या चंपाषष्ठीला आमच्या घरी भरीत झालं. यात सांगण्यासारखं काय, असं जळगाव-धुळ्याचे माझे नातेवाईक म्हणतील. खानदेशात हिवाळ्यात भरीत न होणारं घर शोधून सापडायचं नाही. पण वयाची बाहत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदाच मी स्वतः लावलेल्या झाडाचं वांगं भाजलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात कधी गेला (१८१८), त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे कधी झाले (१९०६), सगळं मुलांकडून घोकून घेतलं. ताटातल्या भाजीलाही इतिहास असतो, हे मात्र कधी सुचलं नाही.

आता भरताचंच बघा. वांगं आपल्या देशातलं, फार जुनं. संस्कृतात त्याला वार्ताक, वृन्ताक अशी नावं आहेत. पण भरतात ठेचून घालतो ती मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. शेंगदाणाही त्याच खंडातला. म्हणजे देवगिरीच्या यादवांनी भरीत खाल्लं असेलच, तर ते मिरी किंवा पिंपळीच्या तिखटाचं! आपण ज्याला अस्सल खानदेशी म्हणतो, त्यातला निम्मा माल समुद्रापलीकडून आलेला आहे. असो.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी. तिथे फड पद्धत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची. पाणी कमी असलं की काही फडच भिजवायचे, म्हणजे तोटा झाला तरी सगळ्यांचा सारखा. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. ही व्यवस्था गावकऱ्यांनी शतकानुशतकं चालवली. पाठ्यपुस्तकात तिच्यावर एक ओळही मी कधी शिकवली नाही.

आईचा परसही असाच एक छोटा फड होता म्हणा ना. मोरीचं पाणी चरातून आधी गिलक्याच्या वेलाला, मग मिरच्यांना, उरलं तर अंबाडीला. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए.ला होते. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. पण सोबत परसातल्या गिलक्याची भाजी असली की उतरायची. तेव्हा मला त्या परसाची लाजच वाटे. आपण शिकलो की भाजी बाजारातून आणायची, असं मनात पक्कं होतं.

१९७५ मध्ये लग्न होऊन जळगावला आले. सासूबाई बियांच्या पुरचुंड्या राखेत घालून मडक्यात ठेवायच्या. वांगं, वाल, गिलकं, दोडकं. कुठलं बी कोणाच्या माहेरचं, हे त्यांना तोंडपाठ. त्या १९९३ साली गेल्या. तीन वर्षांनी घराला रंग देताना ते मडकं मीच उकिरड्यावर रिकामं केलं. इतिहासाच्या शिक्षिकेनं! मागचं अंगणही त्याच वेळी सिमेंटचं करून घेतलं, चिखल नको म्हणून.

ही चूक पुष्कळ दिवस मनात सलत होती. २०१६ मध्ये ‘जळगावचं भरिताचं वांगं’ याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा जास्तच. सरकारदरबारी त्याची नोंद झाली, आणि आमच्या घरातलं बी मी फेकून दिलेलं.

शेवटी परवाच्या उन्हाळ्यात अंगणाच्या कडेची फरशी फोडून घेतली. एका जुन्या विद्यार्थ्यानं गावाकडून घरचं बी आणून दिलं. मृगात टाकलं, महिन्यानं रोपं लावली. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून घातलं. सहा रोपांतली चारच जगली. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी पडली. हिच्यासाठीच बीटी वांगं काढलं होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं ते स्थगित ठेवलं. तो वाद मी वर्तमानपत्रात वाचला होता, पण कळला तो किडका शेंडा खुडताना.

सासूबाई चातुर्मासात वांगं खात नसत, म्हणून आम्हीही चंपाषष्ठीपर्यंत थांबलो. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर दोन वांगी भाजली. नशिबानं त्यांची लाकडी बडगी मी फेकली नव्हती. तिच्यात मिरची-लसूण ठेचून भरीत घोटलं, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे घातले. कळण्याची भाकरी केली. खंडोबाला नैवेद्य दाखवून जेवायला बसलो. ‘आईचं याहून तिखट असायचं,’ एवढंच हे म्हणाले, आणि तिसरी भाकरी मागितली.

त्या विद्यार्थ्यानं एक गोष्ट सांगितली. वांग्याचं बी काही वर्षंच टिकतं. म्हणजे ते मडकं मी आजवर जपून ठेवलं असतं, तरी आज त्यातलं काही उगवलं नसतं. बी टिकवायचं तर ते पेरत राहावं लागतं. सासूबाईंना हे ठाऊक होतं. माझी चूक मडकं रिकामं करण्याच्या आधीच, पेरणं थांबवलं तेव्हा झाली होती.

एक वांगं झाडावरच पिवळं होईपर्यंत ठेवलं. बी धुऊन, सावलीत वाळवून राखेत घातलं आहे. तीन पुरचुंड्या झाल्या. एक धुळ्याला लेकीकडे जाईल, एक माझी. तिसरी ज्याला हवी त्यानं मृगाआधी सांगावं. अट एकच, ती डब्यात जपून ठेवायची नाही, लावायची!