घरपट्टी (अहिल्यानगर जिल्हा)

घरपट्टी हा इमारती व जमिनींवर स्थानिक स्वराज्य संस्थांकडून आकारला जाणारा मालमत्ता कर होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा कर कोण आकारतो, हे घर कोठे आहे यावर ठरते. अहिल्यानगर शहरात २००३ साली स्थापन झालेली महानगरपालिका, संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर आदी शहरांत नगरपरिषदा, भिंगारच्या लष्करी हद्दीत छावणी परिषद आणि खेड्यांत ग्रामपंचायती तो वसूल करतात. प्रत्येकीचा कायदा वेगळा असल्याने सारख्याच आकाराच्या दोन घरांची पट्टी बरीच निराळी असू शकते.

== आकारणी ==
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार करयोग्य मूल्यावर कर बसवताना ते मूल्य घराच्या संभाव्य वार्षिक भाड्यावरून काढतात. मालक स्वतः राहत असला तरी भाडे गृहीत धरले जाते, ही बाब अनेकांना खटकते. या भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा होतात. उदाहरणार्थ, दरमहा ५,००० रुपये भाडे अपेक्षित असल्यास वार्षिक ६०,००० रुपयांतून ६,००० वजा होऊन करयोग्य मूल्य ५४,००० रुपये ठरते. शहरी देयकातील शिक्षण कर राज्य शासनासाठी गोळा केला जातो. बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमी कराची भर पडते.

ग्रामपंचायतींमध्ये २०१५ च्या सुधारित नियमांपासून भांडवली मूल्य हा आधार आहे. जमिनीचे मूल्य आणि घसारा विचारात घेतलेले बांधकामाचे मूल्य यांची बेरीज करून तिला वापरानुसार ठरलेल्या भारांकाने गुणतात. आकारणीची नोंद नमुना ८ मध्ये, तर मागणीची नमुना ९ मध्ये असते. नमुना ८ चा उतारा गावोगावी मालकीचा दाखला म्हणून दाखवला जातो, परंतु ती केवळ कराची नोंद आहे; तिच्यामुळे मालकी हक्क सिद्ध होत नाही. जागा विकत घेताना या गैरसमजाची मोठी किंमत मोजावी लागू शकते.

== थकबाकी व हरकत ==
महापालिका क्षेत्रात मुदतीनंतर थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे १०,००० रुपयांवर वर्षाला २,४०० रुपये. चार-पाच वर्षांत ही शास्ती मूळ कराच्या घरात जाते. शास्तीत सवलतीच्या योजना अधूनमधून जाहीर होतात. मूळ कर मात्र भरावाच लागतो. थकबाकीसाठी मालमत्ता जप्त करण्याची तरतूद आहे.

आकारणी चुकीची वाटल्यास नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. क्षेत्रफळ, वापर अथवा बांधकामाचा प्रकार चुकीचा नोंदला असल्यास ती दुरुस्त होण्याची ही पहिली व सोपी पायरी आहे. पुढे न्यायालयात अपील करता येते, परंतु त्यासाठी मागणीची रक्कम आधी भरावी लागते.

== सवलत ==
२०२० पासून बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली माजी सैनिकांना एका मालमत्तेवरील करात माफी आहे. लष्करी परंपरेच्या या जिल्ह्यात तिला विशेष महत्त्व आहे.