अहिल्यानगर जिल्ह्यातील बालविवाह

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मुलीच्या वयाची १८ अथवा मुलाच्या वयाची २१ वर्षे पूर्ण होण्याआधी लावल्या जाणाऱ्या विवाहांचा हा आढावा आहे. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून बालविवाहाची कारणे येथे तालुक्यागणिक बदलतात.

पार्श्वभूमी

राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव हा उत्तरेचा पट्टा प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांवर भिजतो. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापाठोपाठ तेथे शाळा-महाविद्यालये उभी राहिली. दक्षिणेकडील पाथर्डी, जामखेड, कर्जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर दक्षिण भागाला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के होते.

ऊसतोड आणि विवाह

पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून मिळणारी उचल साधारणतः जोडीला असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एकटा मजूर अर्धा कोयता. मुलाचे लग्न झाले की घरात पूर्ण कोयत्याची उचल येते. मुलीच्या आईबापांपुढचा पेच वेगळा असतो. तिला गावी ठेवावे तर सांभाळणारे कोणी नाही. सोबत न्यावे तर शाळा सुटते आणि फडावरच्या कोपीला दारही नसते. लग्न हा त्यांना सुरक्षिततेचा उपाय वाटतो. म्हणूनच या प्रथेला केवळ अज्ञान वा रूढी म्हणणे अपुरे ठरते. उत्तरेच्या सुबत्तेचा आधार असलेला ऊसही बऱ्याच अंशी अशाच स्थलांतरित मजुरांच्या हातून तोडला जातो.

अन्य कारणे

मुलीचे वय व शिक्षण वाढले की हुंडाही वाढतो, ही धारणा दृढ आहे. दुष्काळी वर्षी खर्च वाचवण्यासाठी थोरलीच्या मांडवातच धाकटीचेही लग्न उरकले जाते. माध्यमिक शाळा दूर असल्यास मुलींचे शिक्षण लवकर थांबते. एस.टी.च्या मोफत पासची योजना ज्यांच्या नावाने चालते, त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चोंडीच्या. मात्र पास असला तरी वेळेवर गाडी लागतेच.

कायदा व उपाययोजना

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ अन्वये ग्रामीण भागात ग्रामसेवक हा प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला त्याच गावात नोकरी करायची असल्याने कारवाई करणे त्याच्यासाठी अवघड ठरते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना सुरू झाली. बालविवाहाची माहिती १०९८ या क्रमांकावर देता येते.